सात बेटांचे सामने आणि जामच्या गादीवाल्याचा हिशेब

वर्धा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ६,३०९ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या तेरा लाख. मॉरिशस हा सबंध देश २,०४० चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या एक तृतीयांशाएवढाही नाही. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. एवढ्याशा या देशाने १९८५, २००३ आणि २०१९ अशा तीन वेळा हिंदी महासागरातील बेटांच्या क्रीडास्पर्धा आपल्याकडे भरवल्या. हा विषय खेळाच्या पानावर न देता व्यापाराच्या पानावर का घेतला, असे वाचक बंधू विचारतील. अशी स्पर्धा म्हणजे दहा दिवसांसाठी वसवलेले एक गाव असते. त्या गावाला खाटा लागतात, गाद्या लागतात, भटारखाना लागतो, मंडप लागतो, आणि या साऱ्याचा खरेदीदार एकच असतो. आपल्या जाम चौरस्त्यावरचा सुतार, वेल्डर, मंडपवाला, गादीवाला यांनी या खरेदीदाराची रीत समजून घ्यावी, म्हणून हा प्रपंच.

या स्पर्धांची सुरुवात १९७९ साली रियुनियन बेटावर झाली. मॉरिशस, रियुनियन, मादागास्कर, सेशेल्स, कोमोरोस, मायोट आणि मालदीव ही सात बेटे आज त्यात उतरतात. पैकी रियुनियन आणि मायोट फ्रान्सच्या ताब्यातली. मॉरिशसचे नाव आपल्याला परके नाही. कोकणातून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या माणसांची मराठी वस्ती तिथे आजही आहे आणि तिथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते. पोर्ट लुई शहरातल्या कापडाच्या जुन्या पेढ्या गुजरात-कच्छकडच्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभ्या केल्या. व्यापारी माणूस समुद्रापलीकडे जाऊन पाय रोवतो, हे काही नवे नाही.

यजमानपद मिळते ते चारेक वर्षे आधी. बेटांची एक सामाईक समिती यजमान ठरवते, मग यजमान देश आपली आयोजन समिती नेमतो आणि ती मैदाने, निवास, वाहतूक, भोजन, वैद्यकीय सोय, उद्‌घाटनाचा सोहळा अशी कामे वाटून देते. बेटावर अडचण अशी, की जे तिथे बनत नाही ते जहाजाने येते. आपल्याकडे नटबोल्ट कमी पडले तर हिंगणघाटला किंवा नागपूरला माणूस पिटाळता येतो. तिथे एखादी वस्तू चुकली तर पुढचे जहाज येईपर्यंत हात बांधून बसावे लागते. म्हणून खरेदीची यादी फार आधी पक्की करावी लागते आणि ज्याचा माल वेळेवर बंदरात लागतो त्यालाच पुन्हा बोलावणे येते.

तरी गाडी घसरतेच. २०१९ ची स्पर्धा आधी कोमोरोसला दिली होती. मैदाने वेळेत उभी राहण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा ती काढून मॉरिशसकडे सोपवण्यात आली. मॉरिशसने कोत दोर येथे नवे क्रीडासंकुल बांधायला काढले आणि १९ ते २८ जुलै २०१९ या काळात स्पर्धा पार पाडली. कोमोरोसला आता २०२७ चे यजमानपद मिळाले आहे. ज्यांनी कोमोरोसच्या भरवशावर माल भरला असेल त्यांनी काय करायचे, हा प्रश्न कुठल्याही क्रीडावृत्तात येत नाही. आमच्या मते व्यापाऱ्याने पहिला विचारावा तो हाच.

लांबच्या बेटांचे कशाला, शेजारच्या गोव्याचेच पाहू. पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांची लुसोफोनिया स्पर्धा गोव्यात भरायची होती. केप व्हर्दे, साओ तोमे, पूर्व तिमोर, श्रीलंका असे बेटांचे देशही तिच्यात होते. नोव्हेंबर २०१३ ची तारीख ठरली होती. बांधकामे रेंगाळली आणि प्रत्यक्षात स्पर्धा झाली १८ ते २९ जानेवारी २०१४ ला. राष्ट्रीय क्रीडास्पर्धेचे तर याहून पुढचे. ती २०१६ साली गोव्यात व्हायची, ती पुढे-पुढे जात २६ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली. मधल्या काळात कोरोनाची साथ आली हे खरे, पण ढकलाढकल त्याच्या आधीपासून चालू होती.

या ढकलाढकलीचा कारागिराला किती फटका बसतो ते आकड्यांत मांडू. समजा, जामच्या एखाद्या गादीवाल्याने २०० गाद्यांची मागणी घेतली. कापूस, कापड आणि मजुरी धरून गादीमागे ८०० रुपये खर्च, म्हणजे १,६०,००० रुपये. गादीमागे १०० रुपये सुटतील असे धरले तर नफा २०,०००. माल तयार झाला आणि तारीख अडीच महिने पुढे गेली. गोदामाचे भाडे महिना ४,००० रुपये. हा सगळा खर्च उधारीवर केलेला, त्यावर चुकते करायला उशीर म्हणून महिन्याला शेकडा दोन जादा, म्हणजे ३,२०० रुपये. दरमहा ७,२००, अडीच महिन्यांचे १८,०००. हाती उरले दोन हजार, तेही देयक वेळेवर निघाले तर. यात उंदराने कुरतडलेल्या गाद्या धरलेल्या नाहीत.

सबब आमचा सल्ला असा, की अशा कामाची मागणी एकदम घेऊ नये, टप्प्याने घ्यावी. पहिल्या ५० गाद्यांचा बयाणा हाती पडला की त्या शिवाव्यात, त्यांचे पैसे आले की पुढच्या. तारीख पुढे गेल्यास गोदामभाडे कोण देणार, ही एक ओळ कागदावर घालून घ्यावी. समोरचा कुरकुर करील. एवढ्या एका ओळीवरून जो काम काढून घेतो, त्याच्याकडून पुढे पैसे निघाले असते असे आम्हाला वाटत नाही.

खेळाडूंच्या मुख्य निवासाचे काम बहुधा मोठ्या कंपन्यांकडे जाते, त्याची आशा धरू नये. पण त्याच्या भोवती स्वयंसेवक असतात, बंदोबस्ताचे लोक असतात, मांडव घालणारे मजूर असतात. त्यांनाही झोपायला अंथरूण आणि जेवायला ताट लागतेच, आणि हे काम पोटठेकेदार स्थानिक माणसांत वाटतात. जेवणाचे म्हणाल तर मालदीव, कोमोरोस, मायोट यांचे संघ म्हणजे बहुतांशी मुस्लिम खेळाडूंचे, तेव्हा त्यांच्यासाठी हलाल भटारखाना वेगळा ठेवणे आयोजकाला भाग पडते. कागदपत्रे साफ असलेल्या आपल्या खाटीक आणि बावर्ची बंधूंना तिथे जागा आहे. अन्नसुरक्षा परवाना मात्र हवाच.

झेंडे शिवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१५ साली रियुनियनच्या स्पर्धेत मायोटचे खेळाडू फ्रान्सच्या झेंड्याखाली संचलनात उतरले आणि मायोट आपले मानणाऱ्या कोमोरोसने आपला संघच मागे घेतला. एका झेंड्यापायी एक देश घरी गेला. म्हणून झेंड्याचा नमुना, रंग आणि माप सही-शिक्क्यानिशी हाती येईपर्यंत कापडाला कात्री लावू नये.

आता वसुली. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेळ मोजण्याचे आणि निकाल दाखवण्याचे काम स्विस टायमिंग या परदेशी कंपनीकडे होते. स्पर्धेनंतर चौकशा लागल्या, पैशांचा वाद पेटला, आणि या कंपनीचा वाद लवादाकडे सोपवावा असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो २८ मे २०१४ ला. काम २०१० चे, आणि चार वर्षांनी लवादाची नुसती सुरुवात! वकिलांची फौज असलेल्या कंपनीची ही गत, तर सायकलवर कापूस आणणाऱ्याने कोर्टाच्या भरवशावर उधारी देऊ नये.

तथापि कायदा अगदीच मोकळ्या हाताचा नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ठरल्या मुदतीत आणि कसेही करून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज मागता येते आणि तक्रार राज्याच्या सुकरता परिषदेकडे नेता येते. खरेदीदार सरकारी असो की खासगी पोटठेकेदार, नियम तोच. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल पसंत पडला असे धरतात. म्हणून पोचपावतीवर तारीख आणि सही घेतल्याशिवाय गाडी परत आणू नये. याकामी २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी लागते. ती आधार क्रमांकावर फुकट होते, कुणा दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणी माल देण्याच्या आधीच करावी, कारण मागाहून केलेल्या नोंदणीवरून पुष्कळ खटले झाले आहेत.

हे का आत्ताच, तर २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. मॉरिशस, मालदीव, फिजी असे कितीतरी बेटांचे देश राष्ट्रकुलात आहेत. तिथे पोचण्याआधी हात बसवायचा तर नागपूर आपल्याला सत्तरएक किलोमीटरवर आहे आणि २०१८ पासून तिथे खासदार क्रीडा महोत्सव भरत आला आहे. अशा ठिकाणी एक-दोन छोटी कामे केलेल्याला मोठा पोटठेकेदार दारात उभे करतो.

एक खुलासा व्यापारी बंधूंसाठी. वर सांगितलेली ४५ दिवसांची तरतूद माल बनवणाऱ्या कारागिराला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या किरकोळ व घाऊक दुकानदारांना जुलै २०२१ पासून ‘उद्यम’मध्ये नोंदता येते, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतेच. थकलेल्या उधारीसाठी त्यांना परिषदेचे दार उघडे नाही. तेव्हा तयार चादरी, बादल्या, पंखे असा माल पुरवणाऱ्या दुकानदाराने निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले माल उतरवताना, यापेक्षा सैल बोली करू नये.