द्राक्षाचा क्रेट सीमा ओलांडतो, बाटली मात्र अडते! सेंद्रिय वायनरीचं गणित नेमकं काय?

बिदर : तूर, सोयाबीन आणि उसाच्या पलीकडे काय करता येईल, हा प्रश्न औराद, भालकीपासून उदगीर, निलंग्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो. त्यात हल्ली एक नवं उत्तर ऐकू येतं. आपलीच सेंद्रिय द्राक्षबाग लावायची आणि घरच्या घरी छोटी वायनरी चालवायची. विचार चांगला आहे, पण सात-बारा किंवा पहाणी हातात घेऊन बँकेत जाण्याआधी काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

जमीन चालेल का?

बिदरचं पठार समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरपेक्षा उंच आहे. जांभ्याची लाल माती पाणी धरून ठेवत नाही. वाईनच्या द्राक्षाला अशी निचऱ्याची, थोडी हलकी जमीन मानवते. त्यासाठी फार लांबची उदाहरणं शोधायला नकोत. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून 'फ्रातेली' उभी केली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थच 'भाऊ' असा होतो. आपल्याच कल्याण कर्नाटकात, कोप्पळ जिल्ह्यात, चिगुरुपाटी दाम्पत्याची 'क्रिस्मा' आहे. निफाड तालुक्यात कुंदेवाडीच्या पाटील कुटुंबाची 'रेव्हेलो' आहे. तिन्ही ठिकाणी मालकी घरातली किंवा भावाभावांची आहे, पण भांडवल कुठेच किरकोळ नाही. क्रिस्माचे मालक औषधनिर्मितीच्या धंद्यातले आहेत, हेही लक्षात ठेवा.

खायचं द्राक्ष वेगळं, वाईनचं वेगळं

थॉमसन किंवा सोनाका खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी. वाईनला कॅबरने सोव्हिन्यो, शिराज, सोव्हिन्यो ब्लाँ असे वाण लागतात. मणी बारीक, साल जाड. खायच्या द्राक्षाला मणी फुगवण्यासाठी 'जीए'ची मात्रा देतात, वाईनच्या द्राक्षाला ती लागत नाही. उलट उत्पादन मुद्दाम कमी ठेवावं लागतं. एकरी दहा टनांची सवय असलेल्या बागायतदाराला चार-पाच टनांवर थांबणं जड जातं.

चार टन धरून हिशेब करू. किलोला साधारण 650 मिली वाईन निघते. म्हणजे 2,600 लिटर, 750 मिलीच्या साडेतीन हजाराच्या आसपास बाटल्या. काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. पांढरी वाईन काही महिन्यांत विकायला तयार होते, चांगल्या लालला वर्ष आणि त्याहून जास्त लागू शकतं. तेवढे दिवस तुमचा पैसा टाकीत अडकून पडलेला असतो. व्याज मात्र थांबत नाही.

'सेंद्रिय' हा शब्द सहज मिळत नाही

देशात 2001 पासून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम आहे. द्राक्षासारख्या बहुवार्षिक पिकाला रूपांतरासाठी तीन वर्षं द्यावी लागतात. या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस आला की केवडा येतो, पुढे भुरी. सेंद्रियमध्ये हाताशी राहतं ते बोर्डो मिश्रण आणि गंधक, तेही मर्यादेत. शिवाय शेजाऱ्याच्या बांधावरून फवारा उडून आला तर तुमचं प्रमाणपत्र अडचणीत येतं. मध्ये मोकळा पट्टा सोडावा लागतो, आणि दोन-तीन एकरवाल्याला तो परवडत नाही. म्हणून शेजाऱ्यांचा गट करून उतरणं शहाणपणाचं.

उर्वरित अंशाचा फटका काय असतो, हे द्राक्षवाल्यांनी 2010 मध्ये पाहिलंय. युरोपला गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट सापडलं आणि कंटेनर अडकले.

बाग सेंद्रिय झाली म्हणजे वाईन सेंद्रिय झाली असंही नाही. वाईन टिकवायला सल्फाइट घालतात. युरोपने 2012 मध्ये सेंद्रिय वाईनचे नियम केले, त्यात कोरड्या लाल वाईनला लिटरमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेत 'ऑरगॅनिक वाईन' म्हणायचं तर वरून सल्फाइट घालताच येत नाही.

खरी अडचण विक्रीची

1956 पर्यंत उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदर जिल्ह्यातच होते. आज नातेवाईक दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे. द्राक्षाचा क्रेट टेम्पोत टाकून उदगीरला नेला तर हरकत नाही. त्याच द्राक्षाची बाटली नेली तर परवाना आणि तिकडचा कर लागतो, कारण दारू हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे.

महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून आपल्या वायनरींना करात सवलती दिल्या. कर्नाटकाने 2007 मध्ये स्वतःचं वाईन धोरण आणलं, वाईन बोर्ड स्थापन केला. दोन्ही धोरणं आपापल्या राज्यातल्या वायनरीसाठी. सीमेवरच्या छोट्या माणसाला जवळचं गिऱ्हाईक पलीकडे आणि सवलत अलीकडे, असा पेच पडतो.

त्यात जीएसटीचा मुद्दा आहे. दारू जीएसटीच्या बाहेर आहे. बाटली, बूच, टाकी, यंत्र यांवर तुम्ही जीएसटी भरता, पण विक्रीवर जीएसटी नसल्यामुळे त्याचं क्रेडिट मिळत नाही. तो सगळा खर्चात जातो. मोठ्या कंपनीला हे जिरवता येतं, घरच्या वायनरीला कठीण. जाहिरातही करता येत नाही. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचं ठरवलं होतं, विरोधानंतर ते अमलात आलं नाही.

मोठेही बुडाले आहेत

नारायणगावची शातो इंडाज ही देशातली आधीची, नावाजलेली वायनरी. 2008 च्या मंदीनंतर ती कर्जाखाली बंद पडली, द्राक्ष घातलेल्या शेतकऱ्यांचे पैसे थकले. त्या काळात नाशिककडच्या कित्येक छोट्या वायनरीही थंडावल्या.

मग करायचं काय?

छोट्याने टिकायचं तर दुकानावर अवलंबून चालत नाही. नाशिकला सुलाने 2005 मध्ये टेस्टिंग रूम काढली आणि गिऱ्हाईक बागेपर्यंत आणलं. बिदरला किल्ला आहे, गुरुद्वारा आहे, हैदराबाद तीन तासांवर आहे. येणाऱ्या पाहुण्याला बाग, जेवण, मुक्काम आणि परवान्यासह बाटली देता आली तर घरच्या वायनरीला जागा आहे.

पण क्रम उलटा करू नका. आधी अबकारी खात्यात जाऊन परवान्याच्या अटी आणि फी लेखी घ्या. मग पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून वाणाचा सल्ला घ्या. एका एकरावर बाग लावून पहिली काही वर्षं चालू वायनरीला माल घाला. टाकी आणि कर्ज त्यानंतर. परवान्याशिवाय विक्रीसाठी वाईन काढणं हा गुन्हा आहे, मग द्राक्ष कितीही सेंद्रिय असो.