मुलांच्या उच्च शिक्षणाचें कर्ज व शेतकऱ्याचा सातबारा

जून-जुलै हे महिने शेतकऱ्यास दोहों बाजूंनीं ओढणारे असतात. बीं-बियाणें व खत यांस पैसा ह्याच दिवसांत लागतो, आणि बारावी झालेल्या मुलाचें अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माण महाविद्यालयाचें शुल्क भरण्याची तारीखही बहुधा ह्याच सुमारास येऊन ठेपते. अशा वेळीं हातांत असलेल्या पीककर्जांतूनच शुल्क भरून टाकण्याचा मोह पुष्कळांस होतो. तो कां आवरावा व त्याऐवजीं काय करावें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

पीककर्ज एका हंगामाचें, शिक्षण चार वर्षांचें. तीन लाख रुपयांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणाऱ्यास केंद्र सरकारच्या सवलतीनें व्याज चार टक्क्यांवर येतें, आणि महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळें तेंही सोसावें लागत नाहीं. परंतु शुल्कांत गेलेला पैसा पुढील हंगामांत उगवून येत नाहीं. मुदत टळली कीं सवलत जाते, खातें थकतें, आणि पुढल्या वर्षीं पेरणीस पैसा मागावयास सोसायटीच्या दारांत जाण्याची चोरी होते.

ह्या कामासाठीं शैक्षणिक कर्ज निराळें आहे. बँकांच्या संघटनेनें २००१ सालीं त्याची एक नमुना योजना तयार केली व बँका थोड्याफार फरकानें तीच चालवितात. चार लाखांपर्यंत तारण नाहीं व पदरचा हिस्साही घालावा लागत नाहीं. कर्जदार मुलगा किंवा मुलगी, आणि बाप अथवा आई सहकर्जदार. साडेसात लाखांपर्यंतची रक्कमही सरकारी कर्ज-हमी निधीच्या आधारावर तारणावांचून मिळूं शकते. त्यापुढें तारण मागतात. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षानें हप्ते सुरू होतात व फेडीस पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते.

हप्ता उशिरां सुरू होतो म्हणून व्याजही उशिरां सुरू होतें, असा कित्येकांचा समज आहे. तो खोटा आहे, आणि सगळा घोटाळा येथेंच होतो. व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतें. शिक्षण चालू असतां तें सरळ व्याजानें आकारतात एवढेंच. मात्र हप्ते सुरू होतांना सांचलेलें सर्व व्याज मुदलांत मिळवितात व तेथून व्याजावर व्याज चालूं लागतें. उदाहरणार्थ, दरसाल एक लाखप्रमाणें चार वर्षें कर्ज उचललें व दर दहा टक्के धरला. पहिल्या लाखावर पांच वर्षांचें, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन व चौथ्यावर दोन वर्षांचें व्याज, मिळून १,४०,००० रुपये होतात. म्हणजे नोकरी लागो वा न लागो, मुलगा ५,४०,००० रुपयांचा देणेकरी होऊन बाहेर पडतो. दहा वर्षांच्या फेडीस त्याचा मासिक हप्ता सुमारें ७,१३६ रुपये पडतो.

आतां हेंच व्याज घरून जसजसें चढेल तसतसें भरलें तर काय होतें तें पाहा. पहिल्या वर्षीं महिना सुमारें ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षीं १,६६७, तिसऱ्या वर्षीं २,५००, पुढें ३,३३३. दुधाचा पगार ज्या घरीं येतो, त्या घरास पहिलीं दोन वर्षें तरी हें जड नाहीं. मग मुदल चार लाखच राहतें, हप्ता सुमारें ५,२८६ रुपयांवर येतो, आणि दहा वर्षांत सव्वादोन लाखांच्या आंतबाहेर हप्ते कमी भरावे लागतात. शिवाय शिक्षणाच्या काळांत व्याज नियमित भरणाऱ्यास कांहीं बँका दरांत एक टक्का सूट देतात. ती कर्ज घेतांनाच विचारून ठेवावी, मागाहून कोणी आपण होऊन सांगत नाहीं. उलट, हप्ता हलका व्हावा म्हणून पंधरा वर्षांची मुदत घेतली, तर त्याच ५,४०,००० चा हप्ता ५,८०३ वर उतरतो खरा, पण एकंदर फेड साडेआठ लाखांच्या जागीं साडेदहा लाखांच्या जवळ जाते.

सहकर्जदार म्हणून केलेली सही ही नुसती साक्ष नव्हे, हेंही येथेंच सांगतों. मुलाचें खातें थकलें तर त्याची नोंद बापाच्याही नांवें पत-अहवालांत चढते व पुढें कर्ज मागतांना ती आडवी येते.

मोठ्या कर्जास तारण म्हणून शेत पुढें करणारे वाचक असतील. २००२ च्या सरफेसी कायद्यांतून शेतजमीन वगळलेली असल्यामुळें बँका ती घेण्यास बहुधा राजी नसतात. घर, बिनशेती जागा अथवा ठेवपावती मागतात. तेवढ्यावरून निराश होऊन कित्येकजण खासगी सावकाराकडे वळतात. तो गहाणखत न करतां सरळ खरेदीखत लिहून घेतो, आणि पैसे परत दिल्यावर जमीन फिरवून देण्याचा वायदा तोंडीच राहतो. महसूल खात्यांत आमची हयात गेली. खरेदीखतावरून फेरफार मंजूर होतांना तोंडी वायद्यास कोणी विचारीत नाहीं. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाच्या कलम १८ खालीं, सावकारीच्या व्यवहारांत पंधरा वर्षांच्या आंत गेलेली जमीन परत मिळण्यासाठीं जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. पण तो रस्ता पुराव्याचा व दीर्घ आहे. शुल्कासाठीं त्या वाटेस न जाणें बरें.

कर्जाचा आंकडा ठरविण्यापूर्वीं सवलती पाहाव्या. आठ लाखांच्या आंत कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न असलेल्यांस राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तींतून निम्मी शुल्कमाफी मिळते. मुलींस २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. परंतु प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेंतून झालेला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यांतला चालत नाहीं. अल्पभूधारकांच्या मुलांसाठीं वसतिगृह निर्वाह भत्ताही डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याच नांवें आहे. पीककर्जाच्या योजनेशीं त्याची गल्लत करूं नये. ह्या सर्वांस तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, सबब तो निकालाची वाट न पाहतां उन्हाळ्यांतच काढून ठेवावा. जूनमध्यें कचेरींत उभें राहण्यास जागा नसते.

कर्जास जमिनीचें तारण लागलेंच, तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढतो. शेवटचा हप्ता भरल्यावर तो आपोआप उतरत नाहीं. बँकेकडून बेबाकी दाखला व बोजा कमी करण्याविषयींचें पत्र घेऊन तलाठ्याकडे, ज्यास हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज द्यावा, फेरफार प्रमाणित झाला कीं नाहीं तें पाहावें, आणि नवा उतारा काढून इतर हक्कांचा रकाना स्वतः वाचून घ्यावा.