चौक, तिठा आणि बंद गल्ली

पुण्याचा नकाशा पसरायचा आणि पेन्सिल घ्यायची. चार रस्ते मिळतील तिथे गोल, तीन मिळतील तिथे त्रिकोण, रस्ता संपेल तिथे फुली. अभ्यासकही ढोबळमानाने हेच करतात. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल यांनी २०२० मध्ये जगभरच्या रस्त्यांची अशी मोजदाद मांडली, तीही लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशांवरून.

पेठांत पेन्सिल थांबतच नाही. बेलबाग चौकाला गोल काढेपर्यंत पुढचा बोळ येतो. बोळ अरुंद, वाकडेतिकडे, पण बहुतेक कुठेतरी निघतात. तुळशीबागेत शिरलेला माणूस खरेदी न करताही मंडईकडे बाहेर पडतो (खरेदी न करता, हे जरा धाडसाचं विधान झालं). डेक्कनपलीकडे प्रभात रोडच्या क्रमांकाच्या गल्ल्यांत काही आरपार, काही बंद. इथून फुल्या दिसू लागतात.

वाघोलीत मात्र फुल्याच फुल्या. हे गाव २०२१ मध्ये महापालिकेत आलं, पण इमारती त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. पायी फिरलं की कारण कळतं. एकेका मालकाने आपला सर्व्हे नंबर विकला, बिल्डरने लेआउट पाडला, आतला रस्ता मुख्य रस्त्याला जोडला आणि काम संपलं. शेजारच्या शेताचा लेआउट वेगळा, मंजुरी वेगळी. दोघांमध्ये पूर्वी बांध होता, त्याच रेषेवर आता कंपाउंड वॉल आहे. पलीकडच्या सोसायटीतल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, पण तिथे चहाला जायचं तर स्कूटर काढावी लागते. शाळेची बस, पाण्याचा टँकर, दुधाला निघालेले आजोबा, सगळे त्याच एका तोंडातून नगर रोडवर येतात. मग कोंडीचं खापर वाहनांच्या संख्येवर फुटतं. मला ते अर्धंच खरं वाटतं.

विकास आराखड्यात डीपी रोड आखलेले असतात, पण मधला एखादा तुकडा ताब्यात येत नाही आणि पालिकेच्या यादीत आणखी एका ‘मिसिंग लिंक’ची भर पडते. नगररचना योजनेत क्रम उलटा असतो: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, आधी रस्ते काढायचे, मग उरलेल्या जागेचे प्लॉट परत द्यायचे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) म्हाळुंगे-माणला हा मार्ग धरला. बांधून झालेल्या भागात तो फार उशिराचा. तिथे निदान मागच्या भिंतीत पायी जाण्यापुरतं फाटक पाडता येईल. पण त्यासाठी दोन्ही सोसायट्यांच्या सभांत ठराव व्हायला हवा, आणि सुरक्षेचा मुद्दा निघाला की विषय पुढच्या सभेवर जातो.