मराठवाड्यातील तथाकथित ‘हमिंगबर्ड’ : शिंजीर पक्ष्याची ओळख

प्रस्तावना :
नांदेड व लातूर जिल्ह्यांत जास्वंद, पळस किंवा पांगाऱ्याच्या फुलांवर येणारा इवलासा चकचकीत पक्षी पुष्कळदा ‘हमिंगबर्ड’ म्हणून दाखविला जातो. वस्तुतः हमिंगबर्डच्या सुमारे ३६० जाती असून त्या सर्व अमेरिका खंडातच आढळतात. आपल्याकडील हा पक्षी म्हणजे शिंजीर अथवा सूर्यपक्षी होय.

साम्य व भेद :
हमिंगबर्ड ‘ट्रोकिलिडी’, तर शिंजीर ‘नेक्टारिनिडी’ या कुलातील आहे. मकरंद हेच प्रमुख अन्न असल्याने दोहोंत स्वतंत्रपणे लांब चोच व नळीसारखी जीभ विकसित झाली. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. हमिंगबर्ड हवेत स्थिर राहून मकरंद घेतो व मागेही उडू शकतो. शिंजीर क्षणभर तरंगतो. परंतु बहुधा फांदीवर बसूनच चोच फुलात घालतो. सुमारे ३ ग्रॅम वजनाचा माणिककंठी हमिंगबर्ड स्थलांतर करताना मेक्सिकोचे आखात ओलांडतो. जांभळा शिंजीर मात्र आपल्याकडे निवासी असून फुलोऱ्यानुसार जवळपास हालचाल करतो.

ओळखीची लक्षणे :
जांभळा शिंजीर सुमारे १० सेंमी लांब असून त्याची चोच बाकदार असते. विणीच्या काळात नर सावलीत काळा, तर उन्हात निळा-जांभळा दिसतो. मादी वरून तपकिरी-हिरवट व खालून पिवळसर असते. वीण संपल्यावर नरही मादीसारखा दिसतो. मात्र त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टा राहतो. त्यामुळे एकाच जातीची तीन निरनिराळ्या नावांनी नोंद होण्याचा संभव असतो.

आंब्यावरील बांडगुळाची फळे खाणारा, आखूड चोचीचा फुलटोच्या याहून लहान असतो. सायंकाळी फुलासमोर स्थिर तरंगणारा ‘पक्षी’ बहुधा हॉकमॉथ हा पतंग असतो. त्याला चोच नसून गुंडाळता येणारी सोंड व डोक्यावर दोन स्पर्शिका असतात.

समारोप :
जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्या तयार केल्या जातात. अशा नोंदवहीत ‘हमिंगबर्ड’ असे लिहिले गेल्यास येथे नसलेला पक्षी दाखल होतो आणि असलेला निसटतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीत नावाआधी चोच, बसण्याची रीत, रंग व वेळ यांची नोंद करून घेणे अगत्याचे आहे.