पिक्टांचे गोंदण: दगडावर काय आहे आणि कातडीवर काय होते?

रोमन लेखनात पिक्टांचा पहिला उल्लेख इ.स. 297चा आहे. स्कॉटलंडच्या उत्तर आणि पूर्व भागात राहणारे हे लोक 900च्या सुमारास आल्बा या नव्या राज्यात मिसळून गेले. मागे उरले ते त्यांचे कोरीव दगड. त्यांच्यावरची चंद्रकोर आणि तिला छेदणारी मोडक्या बाणासारखी काठी, जोडचक्र, आरसा-फणी, लांब तोंडाचा आणि कुठल्याच जनावराशी न जुळणारा तो प्राणी, ही चिन्हे आज अनेक जण हौसेने अंगावर गोंदवून घेतात. तीही यंत्राशिवाय, हाताने सुई टोचून, ठिपक्याशेजारी ठिपका देत. काम देखणे होते, यात शंका नाही. पण त्यासोबत जो इतिहास सांगितला जातो, त्यातला बराचसा पारखून घ्यायला हवा.

‘पिक्ट लोक हीच चिन्हे अंगावर गोंदत असत’

गोंदलेल्या एकाही पिक्टाची कातडी आजवर सापडलेली नाही. स्कॉटलंडची माती बव्हंशी आम्लयुक्त आहे. तिच्यात हाडेसुद्धा धड टिकत नाहीत, तिथे कातडी कुठून राहणार? गोंदणाचा सगळा पुरावा परक्यांच्या लिखाणात आहे. तिसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडियन उत्तर ब्रिटनमधल्या लोकांच्या अंगावर प्राण्यांची चित्रे असल्याचे लिहितो. 400च्या सुमाराचा रोमन दरबारी कवी क्लॉडियन पिक्टांच्या देहावरच्या, लोखंडाने उमटवलेल्या आकृत्यांचा उल्लेख करतो. सुई आणि वनस्पतीचा रस यांची माहिती देणारा इसिदोर तर सातव्या शतकात स्पेनमध्ये बसून लिहीत होता. तिघांचे मिळून पाहिले तर पिक्ट गोंदत असावेत, असे मलाही वाटते. पण त्यांच्या दंडावर नेमकी कोणती नक्षी होती, हे यातला एकही जण सांगत नाही. दगडावरचे चिन्ह कातडीवरही होते, हा आजचा तर्क आहे. म्हणून ‘पिक्टांच्या दगडांवरून घेतलेली नक्षी’ म्हणणे खरे, ‘पिक्टांचा टॅटू’ म्हणणे खरे नाही.

‘ते निळे होते, आणि तो निळा रंग वोडचा होता’

या समजुतीचे मूळ ज्युलियस सीझरपाशी आहे. सगळे ब्रिटन लोक अंगाला निळा रंग फासतात, असे त्याने लिहिले. पण सीझर इ.स.पू. 55 आणि 54 मध्ये ब्रिटनच्या दक्षिण टोकाला उतरला होता. पिक्टांचे नाव कागदावर यायला अजून साडेतीनशे वर्षे होती, आणि त्यांचा मुलूख शेकडो मैल उत्तरेला. शिवाय तो रंग फासण्याबद्दल बोलतो, टोचण्याबद्दल नाही. ‘ब्रेव्हहार्ट’ (1995) या चित्रपटाने निळा चेहरा तेराव्या शतकातल्या विल्यम वॉलेसला लावला. तेव्हा पिक्टांची ओळख पुसली जाऊन सुमारे चारशे वर्षे झाली होती.

वोड ही युरोपातली रंग देणारी वनस्पती. आपल्या निळीत जे रंगद्रव्य असते, तेच तिच्या पानांतून मिळते. कापडावर ते उत्तम बसते. कातडीखाली मात्र वोड टोचून पाहणाऱ्यांना जळजळ आणि जखमा झाल्या, रंग नीट टिकला नाही. गोंदणासाठी जगभर खात्रीचा ठरलेला पदार्थ म्हणजे काजळी. आल्प्समध्ये 1991 साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ओट्झीच्या देहावर 61 खुणा आहेत. त्या काजळीच्या आहेत.

पण काजळी काळी, मग निळे कसे? याचे उत्तर महाराष्ट्रात घरोघरी होते. आजीच्या हातावरचे तुळशीवृंदावन, कपाळावरची ती छोटी टिकली, हे गोंदण काजळीचेच असायचे आणि दिसायचे मात्र हिरवट-निळे. काळे कण कातडीच्या आतल्या थरात बसतात. वरची कातडी त्यांच्यापर्यंत जाणारा आणि परत येणारा प्रकाश विखुरते, त्यामुळे आपल्या डोळ्याला निळसर छटा दिसते. म्हणजे कुणी निळी खूण पाहिल्याचे लिहून ठेवले असले, तरी तेवढ्याने वोड सिद्ध होत नाही.

अंगभर चित्रे असलेल्या पिक्टांची जी प्रतिमा आपल्या मनात आहे, ती सोळाव्या शतकातली आहे. ल म्वान या फ्रेंच चित्रकाराने नखशिखान्त फुलांनी रंगलेली पिक्ट तरुणी काढली. 1590 मध्ये थिओडोर द ब्री याने व्हर्जिनियावरच्या पुस्तकात पिक्टांची चित्रे छापली. पिक्ट संपून तोवर जवळपास सात शतके उलटली होती.

‘प्रत्येक चिन्हाचा ठरलेला अर्थ आहे’

चंद्रकोर म्हणजे मृत्यू, आरसा म्हणजे स्त्री, अशा याद्या टॅटूच्या दुकानांत मिळतात. त्यांना आधार नाही. ही चिन्हे अजून वाचली गेलेली नाहीत. ती बहुधा जोडीने येतात, म्हणून ती माणसांची नावे असावीत, असे बरेच अभ्यासक मानतात. ॲबर्डीन विद्यापीठाच्या गॉर्डन नोबल यांच्या गटाने डनिकेअर इथल्या उत्खननातून या चिन्हांचा आरंभ तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत मागे नेला आहे.

एकमेकांत गुंतलेल्या गाठींची वेलबुट्टी मात्र ‘ख्रिस्तपूर्व पिक्ट’ नव्हे. ती क्रॉस कोरलेल्या नंतरच्या दगडांवर येते. आयर्लंड आणि नॉर्थम्ब्रियाचे ख्रिस्ती कारागीरही तीच काढत होते. ‘बुक ऑफ केल्स’ ही 800च्या सुमाराची शुभवर्तमानांची पोथी याच शैलीत सजली आहे.

‘हाताचे गोंदण लवकर पुसते, दुखत नाही आणि धोका नसतो’

टॅटूच्या विजेच्या यंत्राचे पेटंट सॅम्युअल ओ’रायली यांनी न्यूयॉर्कमध्ये 1891 साली घेतले. त्याआधीची सगळी गोंदणे हातचीच, आणि ती माणसाबरोबर शेवटपर्यंत राहत. रंग टिकतो तो सुई योग्य खोलीवर, साधारण एक ते दोन मिलिमीटर आत, गेली तर. ती हाताने गेली की यंत्राने, याने फरक पडत नाही. वेदना बऱ्याच जणांना कमी वाटते, पण काम जास्त वेळ चालते. बरगडीवर किंवा घोट्यावर दुखतेच.

धोक्याचे मात्र गंभीरपणे घ्या. जत्रेत एकाच सुईने अनेकांना गोंदले जाई, ती पद्धत आता कुणीही चालवून घेऊ नये. हेपटायटिस बी, हेपटायटिस सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. साधी दिसणारी सुईही त्यासाठी पुरेशी आहे. घरी शिवणाच्या सुईने आणि पेनाच्या शाईने प्रयोग करू नका. निर्जंतुक सुईचे पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, शाई एकदाच वापरायच्या छोट्या वाटीत ओतलेली आहे ना ते पाहा, आणि नक्षी कोणत्या दगडावरून घेतली हे गोंदणाऱ्याला विचारा. गोंदण हाताचे असो वा यंत्राचे, भारतात त्यानंतर 12 महिने रक्तदान करता येत नाही.