मुलाची नोकरी सुटली, आता घरातलं देणं फेडायचं कसं?



आपण शेतकरी असलो तरी आपली बरीच घरं नुसत्या शेतीवर चालत नाहीत. एक पाय रानात आणि एक पाय शहरात, अशी आपली रीत. मुलगा कारखान्यात, भाऊ कंपनीत, जावई गोदामात. त्यांच्याकडून महिन्याला जे चार पैसे येतात, त्यावर बियाणं-खत येतं आणि कर्जाचा हप्ताही जातो. तो पैसा एकाएकी थांबला म्हणजे काय करायचं, हे या पत्रिकेत सांगायचं आहे.

ही गोष्ट नवी नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांतल्या कितीतरी घरांची मनिऑर्डर तेव्हा बंद झाली. माझे आजोबाही गिरणीत होते. आजी सांगायची की, पैसे थांबल्यावर तिने आधी दुभती म्हैस विकली, कारण तिचे पैसे लगेच आले. ते चार महिन्यांत संपले, आणि दूधही गेलं. "विकायचं ते विकलं, पण चुकीचं आधी विकलं," असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुन्हा गावोगावी तरुण मुलं घरी परतली. म्हणून ही माहिती आधीच गाठीशी असलेली बरी.

पहिलं काम : सगळं देणं एका कागदावर

नोकरी सुटल्याचं घरात लपवू नका. घरधनीण, म्हातारी माणसं, मोठी मुलं, सगळ्यांना एकत्र बसवा. वहीत चार रकाने पाडा : कोणाचे देणे, किती, व्याज किती, मुदत कधी. एका घराचा हिशेब नमुना म्हणून पाहू. समजा, मुलगा महिन्याला ९,००० रुपये पाठवत होता. देणं असं आहे :

सोसायटीचे पीक कर्ज ८०,०००.
सावकाराचे ३०,०००, व्याज शेकडा ४ रुपये महिना.
बचत गटाचे १५,०००, व्याज शेकडा २ रुपये महिना.
मोटारसायकलचा हप्ता महिन्याला २,८००.
भावकीतले हातउसने १०,०००, बिनव्याजी.

आता सावकाराचं गणित करा. शेकडा ४ रुपये ऐकायला थोडे वाटतात. पण ३०,००० वर महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये नुसतं व्याज झालं, म्हणजे ४८ टक्के. मुद्दल जागच्या जागीच. पीक कर्जाचा मूळ दर वर्षाला ७ टक्के आहे आणि मुदतीत फेडलं तर त्यातही सवलत मिळते. रक्कम मोठी म्हणून सोसायटीचं कर्ज आपल्याला भारी वाटतं, पण घर पोखरतं ते लहान दिसणारं सावकारी कर्ज.

कोणाचं आधी, कोणाचं नंतर

सर्वांत आधी घरचं धान्य, औषधपाणी आणि पुढच्या पेरणीचं बी-खत बाजूला काढा. पेरणी चुकली तर फेडायला काहीच राहत नाही.

त्यानंतर सोसायटीची मुदत. तिथलं व्याज कमी असलं तरी तारीख चुकवू नका. थकबाकीदार झालात की व्याजाची सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला नवं कर्ज मिळत नाही. मग पाय पुन्हा सावकाराच्या दारातच वळतो. शेवटची तारीख गटसचिवाकडून लिहून घ्या. दुष्काळ किंवा अतिवृष्टी जाहीर झाली तर पीक कर्जाचं पुनर्गठन होऊ शकतं, पण मुलाची नोकरी गेली म्हणून ते आपोआप होत नाही, हे ध्यानात ठेवा.

मग जो काही जादा पैसा हाताशी येईल तो सगळ्यांत जास्त व्याजाच्या कर्जात घाला. बाकीच्यांकडे मुदत मागा. बचत गटात बैठकीच्या दिवशी स्वतः जाऊन सांगा : "काही महिने व्याज देतो, मुद्दल नंतर." गाडीचा हप्ता चुकण्याच्या आधीच फायनान्सवाल्याला लेखी अर्ज द्या. हप्ता पुढे ढकलला तरी व्याज चढतच राहतं, तेही विचारून घ्या.

नमुन्याच्या घराने काय करावं? घरात थोडं सोनं असेल तर ते मोडण्याआधी बँकेत तारण ठेवता येतं. समजा तिथे व्याज शेकडा १ रुपया महिना पडलं. त्या पैशातून सावकाराचे ३०,००० फेडले, तर १,२०० च्या जागी महिन्याला ३०० रुपयेच व्याज राहिलं. मोटारसायकल विकून तिचं कर्ज मिटवलं, तर २,८०० चा हप्ता संपला. मात्र येणारी किंमत आणि उरलेलं कर्ज आधी ताडून पाहावं. गटाला मुद्दलाचे ७०० आणि व्याजाचे ३०० असे १,००० जात होते, तिथे नुसते ३०० राहिले. म्हणजे महिन्याला ५,००० रुपये बाहेर जात होते ते ६०० वर आले. कमाई एका रुपयाने वाढली नाही, तरी घराला श्वास घ्यायला जागा झाली. सोनेतारणाची मुदत मात्र भिंतीवर लिहून ठेवा, नाहीतर दागिना लिलावात जायचा.

काय विकावं, काय विकू नये

रोज पैसा देतं ते शेवटपर्यंत ठेवावं : दुभतं जनावर, शेळ्या, विहिरीवरची मोटार. जे नुसतं उभं आहे किंवा खर्च करवतं ते आधी काढावं : जादा गाडी, वापरात नसलेली अवजारं, भाकड जनावर. जमीन तर विकूच नये.

कर्जासाठी जमिनीचं खरेदीखत कधीही करून देऊ नका. "पैसे फेडलेस की जमीन परत फिरवून देतो" हे बोलणं कागदावर नसतं. कागदावर विक्रीच असते.

सावकारी कायदा जाणून घ्या

महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ साली नव्याने झाला. सावकाराकडे परवाना पाहिजे. तेव्हा ठरवलेल्या दरांप्रमाणे शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के व्याज आहे. चक्रवाढ व्याज लावता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. बेकायदा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल आणि त्या व्यवहाराला १५ वर्षं झाली नसतील, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तालुक्याला सहायक निबंधकाचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करा.

आणखी एक सापळा सांगतो. नवं-जुनं करायला आठ दिवसांसाठी म्हणून खाजगी पैसा उचलतात. सोसायटीत भरतात आणि नव्या कर्जाची वाट पाहतात. मंजुरी लांबली की आठ दिवसांचे आठ महिने होतात. नवं कर्ज कधी हातात पडेल हे पक्कं कळल्याशिवाय असा पैसा उचलू नका.

मुलाचा कारखान्यातला हिशेब

घाईत राजीनाम्यावर सही करू नये. कामावरून कमी केलं आणि सलग एक वर्ष नोकरी झालेली असेल, तर कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार अशी भरपाई मिळते. स्वतः राजीनामा दिला की ही भरपाई हातची जाते.

पाच वर्षं सलग काम झालं असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. तिचा हिशेब सोपा आहे. समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० आणि नोकरी ८ वर्षं. १३,००० ला २६ ने भागून १५ ने गुणलं की ७,५०० येतात. त्याला ८ ने गुणा, ६०,००० झाले. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला नियम वेगळा आहे. कंत्राटदाराकडे असलेल्यांनीही चौकशी करावी. हाजिरीचे पुरावे, पगारपत्रकं, नेमणुकीचा कागद घरी आणून ठेवावा आणि अडचण आली तर कामगार आयुक्त कार्यालयात जावं. भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक सोबत ठेवावा. त्यातले पैसे मात्र सगळ्यांत शेवटी काढावेत, ती म्हातारपणाची भाकर आहे.

एकरकमी पैसा आला की त्यावर लग्न, बोअर, स्लॅब काढू नका. पहिला वाटा सहा महिन्यांच्या घरखर्चाचा आणि पेरणीचा, दुसरा वाटा महाग कर्जाचा, आणि उरेल ते बँकेत.

शेवटचं, पण महत्त्वाचं

घरी परतलेल्या मुलाला "आता बसून खातोस" असं म्हणू नका. नोकरी जाणं हा त्याचा गुन्हा नाही. तो कारखान्यात काही शिकला असेल, वायरिंग, वेल्डिंग, यंत्राची दुरुस्ती. त्या कामाला गावात आणि बाजारात गिऱ्हाईक आहे. आणि कर्जाच्या चिंतेने घरातलं कोणी गप्प गप्प राहत असेल, जेवण-झोप तुटली असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत.

कर्ज आज ना उद्या फिटतं. गेलेलं माणूस परत येत नाही. तेव्हा आज संध्याकाळी दिवेलागणीनंतर वही काढा, सगळे मिळून बसा आणि ते चार रकाने पाडा.