उभ्या गाडीचे झिजणे

पिंपरीला टाटांच्या, चाकणला महिंद्र, बजाज, फोक्सवागेन यांच्या गाड्या तयार होतात. तेथे राबणाऱ्याची स्वतःची मोटार मात्र कंपनीच्या बसमुळे आठवडाभर घरीच उभी असते. चाललीच नाही तर बिघडेल कशी, असे तो म्हणतो.

ब्रेक दाबला की नळ्यांतील तेल तो दाब चाकांपर्यंत पोचवते, कारण द्रव दाबून आक्रसत नाही. पण हे तेल हवेतली ओल शोषते, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा! 'डॉट ४' जातीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट असते; ओल मुरलेल्या तेलासाठी तीच अट १५५ अंशांवर येते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. बोरघाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की चाके तापतात, तेलात वाफ धरते, वाफ आक्रसते आणि पाय थेट तळाला टेकतो. म्हणून गाडी फिरो न फिरो, साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे. घाटात खालचा गिअर ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

कागदांचेही तसेच. पीयूसी आणि विमा किलोमीटर मोजत नाहीत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची; पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १९८८ च्या कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. आपल्या धडकेत जखमी झालेल्या पादचाऱ्याला भरपाई त्यातून मिळते. मुदत संपली असेल तर ती मालकाच्या खिशातून जाते.

आमच्या घरी तेलाची व विम्याची तारीख दुधाच्या हिशेबाशेजारी, कॅलेंडरावर लिहिलेली असते.